इंग्रजी व्याकरणाच्या विनोदांवर मराठी माध्यमवाल्यांना हसू का येत नाही?

तुम्ही विचारलंय, स्वल्पविराम गाळला की आजीलाच खातात, त्या विनोदावर ऑफिसातले सगळे हसले आणि तुम्ही नुसते दात दाखवले. आपलं इंग्रजी कच्चं म्हणून का?

नाही हो. साताऱ्यात राजवाड्याजवळ माझं डीटीपीचं आणि फ्लेक्सचं दुकान आहे. इंग्रजी मीही पाचवीपासूनच शिकलो. हा विनोद मला कळायला बरीच वर्षं गेली, आणि अडचण इंग्रजीची नव्हतीच.

‘लेट्स ईट, ग्रँडमा’ म्हणजे आजी, चल जेवू. स्वल्पविराम काढला की आजीच ताटात. कारण इंग्रजीत कोण खातो आणि कोण खाल्लं जातं हे शब्दाच्या जागेवरून ठरतं. क्रियापदानंतर जो उभा राहिला तो गेला. आपल्याकडे ‘आंबा खाऊया’ चालतं, पण ‘आजी खाऊया’ चालत नाही. माणसाला खायचं तर ‘ला’ लावावाच लागतो. मराठीत आजीच्या राखणीला विभक्ती बसलेली असते, तिकडे सगळी भिस्त त्या एवढ्याशा शेपटीवर. तुमच्या डोक्यातली आजी धोक्यात आलीच नव्हती, मग हसणार कशाला?

शिवाय ही चिन्हं आपल्याकडे आली उशिरा. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी या इंग्रजाने ती मराठीत रुळवली. (साताऱ्यात हे नाव घेतलं की ऐकणाऱ्याला कंदी पेढा आठवतो. संबंध काही नाही.)

मला अशा विनोदांवर हसू यायला लागलं ते खिशाला चाट बसल्यावर. एका लग्नपत्रिकेची शेवटची ओळ होती, ‘आहेर स्वीकारला जाणार नाही’. ‘नाही’ अगदी कडेला गेलं आणि कटिंगमध्ये उडालं. चारशे पत्रिका! नवरदेवाचे वडील दुकानात येऊन तांबडेलाल झाले. सोबत आलेला नवरीचा मामा मात्र हळूच म्हणाला, ‘ऱ्हाऊ द्या की तसंच.’ सगळ्या पुन्हा छापून दिल्या, पदरच्या पैशाने.

म्हणूनच अमेरिकेतला दूधवाल्यांचा किस्सा मला फार आवडतो, आणि तो खरा आहे. मेन राज्यात एका डेअरीच्या ड्रायव्हरांनी ओव्हरटाइमसाठी दावा लावला. कोणत्या कामांना ओव्हरटाइम नाही याची कायद्यात लांबलचक यादी होती आणि तिच्या शेवटी ‘पाठवणीसाठी पॅकिंग किंवा वाटप’ अशा अर्थाचे शब्द. इंग्रजीत ‘किंवा’च्या आधी स्वल्पविराम नव्हता. डेअरी म्हणे, वाटप हे वेगळं काम, तुम्ही तेच करता, ओव्हरटाइम विसरा. ड्रायव्हर म्हणे, स्वल्पविराम दाखवा! तो नाही, म्हणजे पाठवणीसाठी असो की वाटपासाठी, बोलणं पॅकिंगचंच चाललंय, आणि आम्ही पॅकिंग करत नाही. 2017 मध्ये अपील कोर्टाने ड्रायव्हरांच्या बाजूने कौल दिला आणि पुढच्या वर्षी 50 लाख डॉलरवर तडजोड झाली. आमच्या बाई ‘आणि’च्या आधी स्वल्पविराम दिसला की लाल गोल करायच्या. त्या मेनमध्ये असत्या तर?

स्पेलिंगच्या विनोदांचंही असंच. जी-एच-ओ-टी-आय म्हणजे म्हणे ‘फिश’: ‘इनफ’मधला जीएच, ‘विमेन’मधला ओ, ‘नेशन’मधला टीआय. 1855 पासून तरी ही थट्टा चालू आहे. आपण मात्र ते सरळ ‘घोटी’ वाचतो आणि मासा दिसायच्या आधी इगतपुरीजवळचं गाव दिसतं.

आता माझा सगळ्यात लाडका. अनेकवचनाच्या एसआधी उगाच अपॉस्ट्रॉफी (अक्षरांच्या वर टांगलेला स्वल्पविराम) टोचायच्या खोडीला इंग्लंडात भाजीवाल्याचा अपॉस्ट्रॉफी म्हणतात, कारण भाजीच्या पाट्यांवर तो हमखास सापडतो. मागच्या उन्हाळ्यात एक फळवाले इंग्रजी पाटी करायला आले. मी ‘मँगोज’ बरोबर लिहून दाखवलं. ते स्क्रीनकडे बघत राहिले.

‘शेजारच्याच्या पाटीवर वर एक टिंब हाय. आमच्या का न्हाई?’

म्हटलं, ‘काका, ते चुकीचं आहे.’

‘त्याचं पैसं येगळं असतील तर घ्या की.’

लावून दिलं टिंब. पैसे नाही घेतले.