ठाण्यात एकटीने निवांत दिवस घालवायला कुठे जाता येईल? आणि घरी काय सांगायचं?

सासू-सासरे, मुलं, नोकरी सगळं सांभाळून महिन्यातला एखादा दिवस फक्त स्वतःसाठी काढायचाय, पण कुठे जावं सुचत नाही आणि निघताना अपराधी वाटतं, असं तुम्ही लिहिलंय. मी नौपाड्यात राहते, घरची माणसं साधारण तुमच्याइतकीच. जागा सांगतेच, पण त्याआधी एक अट: पिशवी घेऊन निघायचं नाही.

स्टेशनकडे जाताना जांभळी नाक्याचा भाजीबाजार लागतो, कोवळी मेथी दिसते आणि ‘आलेच आहे तर’ सुरू होतं. आलेच आहे तर सासूबाईंच्या गोळ्या, आलेच आहे तर टेलरकडचा ब्लाउज, आलेच आहे तर मुलाच्या प्रोजेक्टचा कार्डशीट. चार वाजता दोन्ही हात भरलेले आणि आपण रिक्षाच्या रांगेत. मी मुद्दाम मेथीची जुडी मावणार नाही एवढीच पर्स घेते.

दिवस शक्यतो रविवार नको. रविवारी तलावपाळीवर सगळं ठाणं असतं, त्यात निम्मे ओळखीचे. आठवड्याच्या मधला वार बघून सरळ रजा टाका. सीएल मुलांच्या तापासाठीच राखून ठेवायची असते असं कुठे लिहिलेलं नाही.

सकाळी मी मामलेदारची मिसळ खाते. एकट्या माणसाला कुठल्यातरी बाकावर पटकन जागा मिळते, समोर अनोळखी माणूस आपापल्या तर्रीत गुंतलेला असतो आणि कुणाशी बोलावं लागत नाही. मी तिखट मागवते. घरी पाच जिभांचा मसावि काढून फोडणी पडते, त्यामुळे आपल्याला नक्की किती तिखट आवडतं हे विसरायला होतं. नाकाडोळ्यांतून पाणी येईपर्यंत खायचं आणि पाव परत मागायचा.

ऊन वाढलं की मराठी ग्रंथ संग्रहालय. 1893 साली सुरू झालेली संस्था आहे. मासिकं चाळत तास-दीड तास बसा, ‘काय वाचतेस’ म्हणून कुणी डोकावत नाही. गडकरी रंगायतनचे चांगले प्रयोग बहुतेक शनिवार-रविवारचे, पण तिथेही एकटीचा फायदा असतो. चार खुर्च्या सलग हव्या असल्या तर मागे जावं लागतं, एकच हवी असेल तर पुढच्या रांगेतली सुटलेली मिळून जाते. उपवन तलावाचा काठ सकाळी छान. त्याच्या पुढे येऊरला मात्र एकटीने आत शिरू नका, तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि बिबटे काही गोष्टीतले नाहीत.

पण नोव्हेंबर ते मे यांतला महिना असेल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि ऐरोलीला जा. ठाण्याहून ट्रान्सहार्बरची गाडी पकडायची, दिघा गाव गेलं की ऐरोलीच. स्टेशनवरून रिक्षाने खाडीवरचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र गाठायचं. तिथून वनविभागाची फ्लेमिंगो बघायची बोट सुटते. तिची वेळ रोज बदलते, कारण ती भरती-ओहोटीवर ठरते. ओहोटीला पाणी उतरून चिखल उघडा पडतो, पक्षी तिथेच चरतात, पण पाणी फारच उतरलं तर बोट जात नाही. म्हणून त्या तारखेची वेळ आधी बघून बुकिंग करायचं. मला नेमकी हीच गोष्ट आवडते. माझा रोजचा दिवस डब्याच्या, शाळेच्या बसच्या आणि इन्सुलिनच्या वेळेवर चालतो. खाडीला त्यातलं काही विचारायचं नसतं.

बोट हळू जाते. दोन्ही बाजूंना खारफुटी, चिखलात टुणटुणणाऱ्या निवट्या नावाच्या छोट्या मासोळ्या आणि मग ती गुलाबी रांग. जवळून बघितलं की कळतं, फ्लेमिंगो डोकं उलटं करून खातो. चोच पाण्यात उपडी धरतो, पाय चिखलात जागच्या जागी मळल्यासारखे हलवतो आणि वर आलेलं शेवाळ गाळून घेतो. त्या खाण्यातूनच त्याला रंग येतो. याच खाडीच्या पुलावरून आपण खिडकीला डोकं टेकून वाशीला जात असतो. ठाणे खाडीला 2022 साली रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा असा मान, मिळालाय. टोपी आणि पाणी न्या, मार्चनंतरचं ऊन बोचतं.

आता अपराधीपणाचं. तो बरोब्बर जेवणाच्या वेळी येतो, बहुधा फोनवरून. ‘आई, पोळ्यांचा डबा कुठाय?’ डबा वर्षानुवर्षं जिथे आहे तिथेच असतो. तेवढं सांगायचं आणि फोन ठेवायचा. आदल्या रात्री जागून दोन भाज्या, आमटी, कोशिंबीर करून ठेवू नका. त्या सुट्टीची किंमत तुम्ही आधीच भरून बसता. आपल्याकडे गल्लोगल्ली पोळी-भाजी केंद्रं आहेत, एक दिवस कुणी उपाशी राहत नाही. जे खरंच चुकवून चालणार नाही तेवढ्याचीच सोय करा. आमच्याकडे सासूबाईंचं इन्सुलिन आहे, त्या दिवशी ते नवऱ्याकडे. बाकीचं सगळं सवयीचं असतं.

आणि खोटं कारण सांगू नका. ‘मैत्रिणीची आई आजारी आहे’ म्हटलं की घरी येताना चेहरा उतरलेला ठेवावा लागतो, वर आठवडाभर त्या बाईंची तब्येत कळवत राहायची. ‘बुधवारी मी नाहीये, सातपर्यंत येईन’ एवढं पुरतं. आमच्याकडे पहिल्यांदा जो संवाद झाला तो असा:

‘एकटी जाऊन काय करणार?’
‘पक्षी बघणार.’
‘आणि मग?’
‘मग येणार.’

सासूबाई गप्प बसल्या. नवऱ्याने मीही येतो म्हणून बघितलं, त्याला मुलांची शाळा सुटायची वेळ आठवण करून दिली. पुढे काही दिवसांनी सासूबाईंनीच विचारलं, त्या बोटीत चढायला पायऱ्या उंच आहेत का. त्यांना नेणार आहे मी, गोळ्या-पाण्यासकट, हात धरून. पण त्यासाठी वेगळी रजा टाकेन.