शालूतला श आणि तुझी स्वतःची साइट

अगं, तुझा मेसेज रविवारीच वाचला होता, पण एवढ्या प्रश्नांना ठाणे-वाशी लोकलमध्ये उभं राहून अंगठ्याने काय उत्तर देणार, म्हणून आज ऐरोलीहून जरा लवकर सटकलो, चहा टाकला आणि आता निवांत लिहितोय. पाट्यांच्या फोटोंची साइट करायला फ्रेमवर्क (साइट बांधायचा तयार सांगाडा) कुठला घेऊ, डोमेन (साइटचा पत्ता) कुठलं घेऊ यावर तू दोन स्क्रीन भरून लिहिलंयस आणि 'काका, आपल्यासारखे वेडे अजून असतील का?' हे शेवटी एका ओळीत. खरा प्रश्न तोच आहे, हे मला काय कळत नाही का.

आधी पहिले दोन उरकतो. फ्रेमवर्क नको. नोटपॅड उघड, इंडेक्स नावाची एक एचटीएमएल फाइल कर, म्हणजे वेबपान ज्या खुणांच्या भाषेत लिहितात त्या भाषेतली फाइल, वर तुझं नाव, खाली जांभळी नाक्यावरच्या रंगवलेल्या पाट्यांचे पाच फोटो, प्रत्येकाखाली दोन-तीन ओळी. झाली साइट. हसू नकोस, १९९१ साली टिम बर्नर्स-लीने सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत जी जगातली पहिली साइट केली ती नुसती अक्षरं आणि लिंकाच होत्या. डोमेन सहा महिन्यांनी घे, आणि घेताना पहिल्या वर्षाचा स्वस्त भाव बघून भुलू नकोस, रिन्यूअलचा भाव बघ. डॉट भारतवालं देवनागरी डोमेन २०१४ पासून मिळतं आणि मला ते मनापासून आवडतं, पण कुठे कुठे पेस्ट केलं की त्याचं एक्सएन वगैरे असलं काहीतरी अगम्य होऊन बसतं, तेव्हा सुरुवातीला नको.

आता एक गंमत सांगतो, ती खास तुझ्यासाठी आहे. तू तो साडीच्या दुकानाचा फोटो पाठवला होतास ना, 'शालू' लिहिलेला, त्यात पेंटरने देठाचा श आणि पाकळीचा ल काढलाय, म्हणजे अस्सल मराठी वळण, जे शासनाने २००९ च्या वर्णमालेच्या जीआरमध्येही धरलं होतं. आता हाच शब्द तू साइटवर टाइप केलास तर बऱ्याचदा हिंदी वळणाचे श आणि ल दिसतील. का? कारण युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या सामाईक यादीत, दोन्ही भाषांना अक्षर एकच, वळण फॉन्ट ठरवतो, आणि पान मराठी आहे हे तू ब्राउझरला सांगितलेलंच नाहीस. एचटीएमएलच्या पहिल्याच टॅगमध्ये, म्हणजे कंसातल्या खुणेत, लँग (lang, भाषा) लिही, त्याची व्हॅल्यू एमआर (mr, मराठी) ठेव, आणि मराठी रूपं आत असलेला फॉन्ट घे, मग बघ, श ला देठ फुटतो. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा रात्री दीडला बायकोला उठवून दाखवलं होतं, ती काय म्हणाली ते लिहीत नाही. चारसेट, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ-८ ठेव, आणि लाइन-हाइट, म्हणजे ओळींमधलं अंतर, १.७ च्या आसपास, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर आदळतात.

फोटो फोनमधून उचलून तसेच टाकू नकोस, चार-चार एमबीचं एकेक धूड, घणसोलीच्या तुझ्या पीजीच्या वायफायवर तुलाच उघडणार नाही. रुंदी १२०० पिक्सेल कर, पुष्कळ झाली. फाइलची नावं स्मॉल लेटर्समध्ये, मध्ये स्पेस नाही. मी एकदा फाइलच्या नावात कॅपिटल पी आणि कोडमध्ये स्मॉल पी लिहून ठेवला होता, घरच्या विंडोजवर सगळं छान दिसायचं आणि सर्व्हरवर टाकलं की फोटो गायब, आख्खा शनिवार गेला त्यात. आणि हो, पाटीच्या कोपऱ्यात पेंटरचं नाव-नंबर असतो बघ, तो टाकण्याआधी त्याला विचार. विचारायला गेलीस की गप्पाही होतील, आणि त्या गप्पा फोटोपेक्षा भारी निघतील असं मला आत्ताच वाटतंय.

साइट ठेवायला निओसिटीज बघ, २०१३ पासून चालू आहे, फुकटात १ जीबी जागा देतात. नाव जिओसिटीजवरून घेतलंय, १९९४ ची ती, जिथे लोकांनी लाखो घरगुती पानं केली होती, पुढे याहूने घेतली आणि २००९ ला बंद केली. माझीही ट्रेकच्या फोटोंची एक साइट अशाच एका फुकट सेवेबरोबर बुडाली, नोटीस आली होती पण तो ईमेल मी उघडायचोच नाही. राजमाचीचे फोटो त्यात गेले ते गेलेच. म्हणून सगळा फोल्डर आधी तुझ्या लॅपटॉपवर, एक कॉपी पेनड्राइव्हवर, आणि नेटवर असेल ती तिसरी. मग होस्ट, म्हणजे साइट ठेवणारी सेवा, बुडो नाहीतर राहो, अर्ध्या तासात दुसरीकडे बिऱ्हाड हलवता येतं.

आता माणसं. रीलला ४० लाइक आले म्हणून तू तोंड पाडून बसली होतीस, पण त्या ४० मधला एक तरी माणूस तुला आठवतो का? छोट्या साइटवाल्यांचं उलटं असतं, ते मोजके असतात पण वाचतात. ही माणसं सर्चमध्ये पटकन सापडत नाहीत, एकाच्या लिंका धरून दुसऱ्याकडे जावं लागतं, ठाण्यात पत्ता विचारत जायचो तसं. कोणाच्या साइटवर तळाशी ८८ बाय ३१ पिक्सेलची बारकी लिंकवाली बटणं दिसली की समज, ही त्याच्या शेजाऱ्यांची दारं. कुठे वेबरिंग दिसेल, म्हणजे साइट्सची साखळी, मागचा-पुढचा करत फिरत राहायचं. इंडीवेब म्हणून एक मंडळी २०११ पासून आहे, त्यांचं म्हणणं साधं, आधी स्वतःच्या साइटवर टाका, मग बाकी ठिकाणी वाटा. त्यांची वेबमेन्शन (एका साइटने दुसरीची लिंक दिली की तिला कळवायची सोय) वगैरे भानगड नंतर शिक, आरएसएस फीड, म्हणजे नवीन काही टाकलं की वाचकांच्या ॲपमध्ये आपोआप दिसायची सोय, मात्र पहिल्या महिन्यातच लाव, नाहीतर तू नवीन पाटी टाकलीस हे कळायला लोकांनी काय रोज येऊन बघायचं?

आणि कोणाचं आवडलं तर ईमेल कर. 'नाइस साइट' नको, नेमकं काय आवडलं ते लिही, आणि तुझ्या पानावर त्याची लिंक दे. आपल्याकडे शेजारणीचा डबा रिकामा परत देत नाहीत ना, अगदी तसंच. पण पहिला डबा कोणीतरी द्यावा लागतो, तो तू दे. दहातले सात उत्तर देणार नाहीत, मलाही दिलं नव्हतं. जो आठवा बोलला तो आता दर दिवाळीला फराळाला येतो.

इंडीवेबवाले होमब्रू वेबसाइट क्लब म्हणून भेटतात, तासभर बसायचं, आपापल्या साइटवर काम करायचं, निघताना काय झालं ते दाखवायचं. ठाण्यात आपणच करू की. तुझ्या कॉलेजातला तो बसच्या जुन्या तिकिटांवाला मुलगा, मी, आणि तू. येत्या शनिवारी संध्याकाळी पाचला माझ्याकडे ये, तलावपाळीला बसलो असतो पण तिथे प्लग नाही. येताना चार्जर आण, आणि त्या 'शालू'चा मूळ फोटो आण, व्हॉट्सॲपवरचा नको, त्यात देठ नीट दिसत नाहीये.

तुझा,
काका