अर्थशास्त्र घेण्यापूर्वी
कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाचे सौदे चालू असताना, तशाच रंगाच्या रव्याला, म्हणजे गुळाच्या ढेपेला, कालच्यापेक्षा आज भाव कमी का मिळाला, हा प्रश्न तुम्हाला स्वस्थ बसू देत नसेल, तर अर्थशास्त्र अवश्य घ्या. केवळ गणित टाळायचे म्हणून मात्र घेऊ नका; पदव्युत्तर पातळीवर कलन (कॅल्क्युलस), संख्याशास्त्र आणि अर्थमिती (आर्थिक आकडेवारीचे संख्याशास्त्रीय विश्लेषण) यांच्यावाचून पाऊल पुढे पडत नाही, म्हणून पहिल्या वर्षापासूनच गणिताचा सराव ठेवा, हे मी कळकळीने सांगतो. पुढील शिक्षण इथेच शिवाजी विद्यापीठात किंवा १९३० साली स्थापन झालेल्या पुण्याच्या गोखले संस्थेत घेता येते. केंद्रीय लोकसेवा आयोगामार्फत होणाऱ्या भारतीय आर्थिक सेवेच्या परीक्षेला अर्थशास्त्रातील पदव्युत्तर पदवी लागते; बँका, संशोधन आणि अध्यापन हे मार्ग आहेतच.