पोर्ट फॉरवर्डिंग करूनही बाहेरून जोडणी का होत नाही?

प्रश्न : घरातला कॅमेरा बाहेरून पाहता यावा म्हणून राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगचा, म्हणजे बाहेरून आलेली विनंती घरातल्या ठरावीक उपकरणाकडे पाठवण्याचा, नियम घातला आहे. घरात सर्व सुरळीत चालते, बाहेरून मात्र जोडणी होत नाही. काय तपासावे?

उत्तर : नियमात फेरफार करण्याआधी राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी पत्ता (इंटरनेटच्या बाजूने राउटरला मिळालेला पत्ता) आणि आपला आयपी दाखवणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावरचा पत्ता ताडून पाहावा. दोन्ही वेगळे असून राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर सेवादात्याने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवले आहे आणि तुमचा नियम कितीही अचूक असला, तरी बाहेरून आलेली विनंती तुमच्या राउटरपर्यंत पोहोचतच नाही. अशा वेळी सेवादात्याकडे सार्वजनिक पत्ता मागावा. पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर बहुधा मोडेमही राउटरचे काम करत असतो. त्याला ब्रिज मोडवर ठेवावे, म्हणजे ते राउटरचे काम न करता जोडणी फक्त पुढे देईल. पत्ते जुळत असल्यास कॅमेऱ्याचा घरातला पत्ता बदललेला नाही ना, ते पाहून तो डीएचसीपीमध्ये (घरातल्या उपकरणांना पत्ते वाटणाऱ्या राउटरच्या सोयीत) राखून ठेवावा. कॅमेऱ्याचे पोर्ट थेट इंटरनेटवर उघडणे मात्र धोक्याचे आहे. राउटरवर व्हीपीएनची (बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये सुरक्षितपणे येण्याच्या कूटबद्ध मार्गाची) सोय असेल, तर तीच वापरावी, असा माझा आग्रह आहे. चाचणी नेहमी मोबाइल डेटावरून करावी, कारण काही राउटर घरातूनच स्वतःच्या सार्वजनिक पत्त्यावर केलेली जोडणी स्वीकारत नाहीत.