चार पानांत जिचं नाव नाही

(सल्ला मागणारं हे पत्र चार पानी होतं. ओळख पटू नये म्हणून गाव आणि माणसांची नावं गाळून मुद्द्यापुरतं इथे देते.)

"ताई, जय ख्रिस्त. माझं वय ७६. माझ्या दिवंगत पत्नीने आणि मी १९८४ साली अहिल्यानगर जिल्ह्यात ऊसतोड कामगारांची सहा मुलं घेऊन बोर्डिंग सुरू केलं. त्या सहांतली एक अजून आमच्याकडेच काम करते. आज ४२ मुलं आहेत, रविवारची उपासना होते, आठवड्यातून एकदा दवाखाना भरतो. आता माझ्याने होत नाही. गेल्या फेब्रुवारीत बायपास झाली, १९ दिवस पुण्यात होतो. देवाच्या कृपेने इकडे काही अडलं नाही. जाताना सह्या करून पाच कोरे चेक बोर्डिंगच्या बाईंकडे ठेवले होते. आल्यावर तीन परत मिळाले, दोन वापरले होते त्यांच्या पावत्या टाचून. प्रश्न असा, की मिशन कुणाच्या हाती द्यावं? मुलगा पुण्यात आयटीत आहे. म्हणतो, 'पप्पा, मला यात ओढू नका.' ट्रस्टी म्हणतात, रक्ताचं माणूस बरं. दुसरीकडे आमचे तरुण पाळक आठ वर्षांपासून आहेत. उपदेश उत्तम करतात, पण मिशनची चार एकर जमीन डांबरी रस्त्याला लागून आहे आणि त्यांच्या डोक्यात मोठमोठ्या योजना आहेत. मला धास्ती वाटते. कमिटीत दोन तट पडलेत. बायबलमधल्या मोशेला वारस म्हणून यहोशवा मिळाला. मला कोण आहे? रात्ररात्र डोळा लागत नाही."

बाबा, सगळे तुम्हाला बाबा म्हणतात असं तुम्ही लिहिलंय म्हणून मीही म्हणते. तुम्ही दोन माणसांबद्दल विचारलंत. मी तिसऱ्या माणसाबद्दल बोलणार आहे.

पाच कोरे चेक, खाली तुमची सही. छातीची हाडं कापून हृदयाला हात घालायचा होता, परत याल की नाही याची खात्री नव्हती, आणि त्या घटकेला मिशनचा सगळा पैसा तुम्ही एका माणसाच्या हातात ठेवून गेलात. मुलाच्या हातात ठेवला नाहीत. पाळकांच्याही नाही, ज्या ट्रस्टींना आज रक्ताचं माणूस हवंय त्यांच्यातल्या कुणाच्याही नाही. बोर्डिंगच्या बाईंकडे ठेवलात. माणूस मरणाच्या दारात असताना कुणावर भरवसा टाकतो, यापेक्षा खरी निवडणूक मला तरी ठाऊक नाही. तुमची निवड फेब्रुवारीतच झाली आहे, बाबा. कमिटी कसल्या तटांवर भांडते आहे?

पत्र तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा कुठे लक्षात आलं, की पहिल्या पानावर 'सहांतली एक अजून आमच्याकडेच काम करते' असं जिच्याबद्दल आहे आणि तिसऱ्या पानावर 'बोर्डिंगच्या बाई' म्हणून जी येते, ती एकच आहे. आठ वर्षांची असताना तुमच्या पत्नीचं बोट धरून ती त्या पत्र्याच्या खोलीत आली, हे तुम्हीच पुढे एका वाक्यात लिहून टाकलंय. म्हणजे आज पन्नाशीच्या उंबरठ्यावर असेल. चार पानांत तुम्ही अकरा जणांची नावं लिहिलीत. पहिली देणगी देणाऱ्या डॉक्टरांचं आहे, खोल्या बांधणाऱ्या गवंड्याचं आहे, तुमच्या पहिल्या गाईचंसुद्धा आहे. तिचं नाही.

मला याचा राग आला, आणि तो मी लपवत नाही. माझी आत्या एका मिशनच्या दवाखान्यात ३१ वर्षं नर्स होती. तिच्या निरोपाच्या कार्यक्रमात साहेबांनी व्यासपीठावरून तिचं नाव चुकीचं वाचलं. आत्याने तेच नाव घेऊन आभार मानले आणि घरी येऊन मुकाट्याने भाकरी थापायला बसली. त्या संध्याकाळी तिचा चेहरा मी पाहिला होता. तुमच्या पत्रात तो मला परत दिसला.

आता तुमचं वाक्य: 'देवाच्या कृपेने काही अडलं नाही.' कृपा मीही मानते. पण वापरलेल्या दोन चेकांपैकी एक किराण्याचा आणि दुसरा बोअरची जळालेली मोटर काढून रिवाइंडिंगला देण्याचा, हे तुम्हीच सांगितलंय. फेब्रुवारीत तुमच्या भागात मोटर जळणं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. बेचाळीस मुलांची आंघोळ, भांडी, संडास. मोटर वर ओढायला माणसं लागतात, वायरमन लागतो, रिवाइंडिंगवाला 'परवा देतो' म्हणतो तेव्हा त्याच्या दुकानासमोर ठाण मांडून बसावं लागतं. हे सगळं तिने केलं, वर तुम्हाला पुण्याला एक फोनसुद्धा केला नाही, कारण तुम्ही आयसीयूत होता. तुम्ही घरी आलात तेव्हा तीन कोरे चेक आणि टाचलेल्या पावत्या तुमच्यापुढे ठेवल्या. असं माणूस समोर असताना तुम्ही रात्ररात्र छताकडे बघत यहोशवा शोधताय?

मोशेचं नाव तुम्हीच काढलंत, तर तीच गोष्ट नीट वाचा. मोशेला गेर्षोम आणि अलियेजर असे दोन मुलगे होते. इस्राएलचं नेतृत्व त्यांच्यापैकी कुणाकडेच गेलं नाही. यहोशवा पहिल्यापासून मोशेचा सेवक म्हणून वावरतो, आणि बायबलच्या निर्गम पुस्तकाच्या ३३व्या अध्यायात त्याच्याबद्दल एक छोटीशी ओळ येते: मोशे छावणीत परत जाई, पण हा तरुण देवाच्या भेटीचा तंबू सोडून हलत नसे. बाकीचे येत-जात होते, तो तिथेच होता. तुमच्याकडे तंबू कोण सोडत नाही, बाबा? पाळक रविवारी येतात. ट्रस्टी मीटिंगला येतात. दसरा सरला की ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात, आईबाप मुलांना तुमच्या दारात सोडून बैलगाडीत नाहीतर ट्रकमध्ये चढतात, आणि त्या पहिल्या रात्री रडणाऱ्या पोरांच्या उशाशी कोण बसतं? ती स्वतः एकदा तशीच रडलेली आहे.

मुलाबद्दल मला फार बोलायचं नाही. त्याने 'नाही' म्हटलंय. सरळ, स्वच्छ नाही. तो नकार वारंवार कमिटीपुढे मांडून तुम्ही त्याला गुन्हेगार करताय. थांबवा ते. पाळकांना उपदेश, बाप्तिस्मा, प्रभुभोजन सांभाळू द्या, ते त्यांचं काम आहे आणि ते चांगलं करतात. पण व्यासपीठावरून चांगलं बोलता येतं म्हणून मिशन चालवता येतं, हे गणित कुणी घातलं? जमिनीच्या धास्तीने तर मुळीच झोप घालवू नका. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेची जमीन धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं ३६ वं कलम त्यासाठीच आहे. कुणाच्या डोक्यात काही असलं तरी मध्ये सरकारी दार आहे.

तुम्ही आणखी एक वाक्य लिहिलंय, ते मी मुद्दाम वर छापलं नाही: 'बाई विश्वासू आहेत, पण शिक्षण दहावी आणि शेवटी बाईमाणूस.' पुण्याहून रेल्वेने दौंडकडे निघालात की वाटेत केडगाव लागतं. तिथलं मुक्ती मिशन एका बाईने उभं केलं. पंडिता रमाबाई पाळक नव्हत्या, त्यांना कुणी पाळकपदाची दीक्षा दिली नव्हती. १८८९ साली मुंबईत शारदा सदन, मग पुणे, मग दुष्काळातून आणलेल्या मुलींसाठी केडगाव. तिथे बायकांनी शेती केली, विहिरी सांभाळल्या, छापखान्यात खिळे जुळवले आणि रमाबाईंनी भाषांतर केलेलं बायबल स्वतःच्या हातांनी छापलं. रमाबाईंनी आपली लेक मनोरमा हिला कामात पुढे आणलं होतं. जुलै १९२१ मध्ये ती गेली. पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. वर्षभराच्या आत आई आणि लेक दोघी नाहीत, आणि मुक्ती मिशन आजही चालू आहे. का? कारण तिथे रोजचं काम कसं चालतं हे माहीत असलेल्या पुष्कळ बाया होत्या, आणि त्या कामावर त्यांचा हक्क मानला गेला होता.

आता उलट उदाहरण घ्या. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली अमेरिकन मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' सुरू केला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्याही ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ. केवढी मोठी कल्पना होती ती! १९१९ च्या मे महिन्यात टिळक गेले आणि दरबार त्यांच्यामागे उभा राहू शकला नाही. त्यांची गाणी मात्र आपण अजून उपासनेत म्हणतो, कारण ती इतरांच्या तोंडी बसली होती. तुमचं बोर्डिंग एका माणसाच्या तोंडी बसलं आहे, बाबा, आणि त्या माणसाला तुम्ही मोजत नाही.

दहावीचं म्हणाल तर तुमचं ट्रस्टडीड काढून वाचा. त्यात शिक्षणाची अट असेल तर वेगळी गोष्ट. कायद्यात विश्वस्ताला पदवी लागते असं कुठेही नाही. हिशेब मांडायला लेखनिक ठेवता येतो. मोटर जळाल्यावर गावभर फिरून ती चालू करणारं माणूस पगारावर मिळत नाही.

तुम्हाला न आवडणारी गोष्ट अजून सांगायची राहिली आहे. कोरे चेक तिच्याकडे ठेवलेत याचं तुम्हाला कौतुक वाटत असेल. मला त्यात धोका दिसतो, आणि तो सगळा तिच्या वाट्याचा. एक चेक हरवला असता, एखाद्याने तिच्या हातून हिसकावून रक्कम भरली असती, तर बँकेत सही तुमची होती आणि गावात चोर ती ठरली असती. कमिटीतल्या दोन्ही तटांनी त्या दिवशी एका सुरात तिला हाकललं असतं. जोखीम तिच्या डोक्यावर आणि अधिकार तुमच्या खिशात, हे तुम्ही वर्षानुवर्षं करत आला आहात. किराणा तिने ठरवायचा, दुकानदाराशी उधारीचं तिने बोलायचं, मुलांचे आईबाप कारखान्यावरून फोन करतात तेव्हा तिने उत्तर द्यायचं, आणि मीटिंग भरली की तिने चहा घेऊन आत यायचं आणि कप ठेवून बाहेर जायचं. तुम्ही वाईट माणूस आहात असं मी म्हणत नाही. चाळीस वर्षं दुसऱ्यांची पोरं सांभाळणारा माणूस वाईट कसा असेल? पण तुमच्या पत्नीने जिला हाताखाली घडवलं, तिला तुम्ही अजून त्याच हाताखाली उभी केली आहे, तो हात जाऊन सहा वर्षं झाली तरी.

म्हणून मी तुम्हाला एकच गोष्ट करायला सांगते. या आठवड्यात, कमिटीच्या कानावर काहीही घालण्याआधी, स्वयंपाकघरात जा. तिला ऑफिसात बोलावू नका. तिथे ती उभी राहील आणि तुम्ही खुर्चीत बसाल. पोरांची जेवणं उरकल्यावर, ती निवांत झाल्यावर, पाटावर नाहीतर तिच्या त्या बाकावर तिच्याशेजारी बसा. तिला तिच्या नावाने हाक मारा. आणि विचारा, की हे मिशन तू चालवशील का? 'मी तुला नेमतो' असं म्हणू नका. विचारा. ती लगेच 'मला काय कळतंय बाबा' म्हणेल, कारण इतकी वर्षं तिला तेच म्हणायची सवय लावली गेली आहे. त्या पहिल्या 'नाही'वर उठून येऊ नका. मोटरचं विचारा. तेव्हा काय काय केलंस, कुणाकडे गेलीस, पैसे कमी पडले का, भीती वाटली का, हे सगळं विचारा. फेब्रुवारीपासून तुम्ही तिला हे विचारलेलं नाही, हे मी पैजेवर सांगते. तिचं ऐकून घ्या. मग प्रश्न पुन्हा विचारा.

ती सगळं ऐकून, विचार करून खरोखर 'नको' म्हणाली, तर तोही तिचा हक्क. मग मला परत लिहा. पण ती 'हो' म्हणाली तर मागे फिरायचं नाही. रीतसर नोटीस काढून ट्रस्टची सभा घ्या, तिला विश्वस्त करा, मिशनचा कारभार तिच्याकडे दिल्याचं इतिवृत्तात लिहा, बँकेत तिची सही लावा. बदल झाल्यापासून ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अहवाल, दाखल करावा लागतो. तो वकिलाकडे पडून राहतो आणि नव्या माणसाचं नाव कागदावर चढतच नाही, असं फार ठिकाणी होतं. स्वतः पाठपुरावा करा, हे शेवटचं काम तुमचं. आणि यहोशवाला नेमताना बायबलच्या गणना पुस्तकात मोशेला जसं सांगितलं गेलं, तसंच करा: सगळ्या मंडळीसमोर, तुम्ही धडधाकट उभे असताना, रविवारच्या उपासनेत. पाळकांना प्रार्थना करायला सांगा. तुमच्यामागे एखाद्या चिठ्ठीत तिचं नाव निघालं, तर ती चिठ्ठी दुसऱ्या दिवशी हरवलेली असेल.

रविवारनंतर ऑफिसची खोली रिकामी करा. तुमची खुर्ची दवाखान्याच्या ओसरीवर टाका. मुलं तिथे येतीलच तुमच्याकडे, गोष्टी ऐकायला. किराण्याबद्दल कुणी विचारायला आलं तर तिच्याकडे पाठवा. दुसऱ्यांदा आलं तरी तिच्याकडेच. पहिले काही महिने तुम्हाला हे फार जड जाईल. ती चार गोष्टी तुमच्यापेक्षा वेगळ्या करेल, एखादी चुकेलही. ओसरीवरच बसून राहा.

स्वयंपाकघरात जाल तेव्हा रिकाम्या हाताने जाऊ नका. त्या दोन पावत्या अजून तुमच्या फायलीत असतील, किराण्याची आणि मोटरची. त्या घेऊन जा.