लॅटिनमधील रडण्याचे क्रियापद

प्रश्न : ‘फ्लेओ’ (मी रडतो) या लॅटिन क्रियापदाचे मूळ काय आणि ते कसे चालते? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : ‘फ्लेओ, फ्लेरे, फ्लेवी, फ्लेतुम’ (मी रडतो, रडणे, मी रडलो, रडण्यास) ही त्याची मुख्य रूपे होत. ते दुसऱ्या गणातले आहे. मात्र त्या गणातील ‘मोनेओ’ (मी बजावतो) यासारख्या अनेक क्रियापदांचा भूतकाळ ‘मोनुई’ असा होतो, तर येथे दीर्घ ‘ए’ धातूचाच असल्यामुळे तो टिकून राहतो आणि ‘फ्लेविस्ती’ (तू रडलास) याचे कवितेत ‘फ्लेस्ती’ असे सुटसुटीत रूपही होते. मूळ इंडो-युरोपीय (संस्कृत, लॅटिन, स्लाव्ह इत्यादींच्या समान पूर्वज भाषेतील) धातूचा अर्थ ‘ओरडणे’ असा मानतात. स्लाव्ह भाषांतील त्याचा सगोत्र शब्द मेंढीच्या ओरडण्यासाठी आहे. याहून विलक्षण म्हणजे, आपल्या संस्कृत ‘रुद्’ धातूचा लॅटिन आप्त ‘रुदेरे’ गाढवाच्या ओरडण्यासाठी वापरला जाई. पुढे बोलीतून ‘फ्लेरे’ लुप्त झाले. फ्रेंचमधील ‘प्लरे’ हे ‘प्लोरारे’ या दुसऱ्या क्रियापदावरून आले.