आजोबांच्या ट्रंकेत घरची जुनी पत्रं आणि वंशावळ सापडली. आजोबा वकील होते. आमच्या घराण्याचं कुलचिन्ह कसं शोधायचं?

शोधू नका. खुद्द इंग्लंडातही ते चिन्ह माणसाला मिळतं आणि त्याच्या वंशजांकडे जातं, आडनावाला मिळत नाही. आपल्याकडे ढालीच्या दोन बाजूंना सिंह उभे करायची हौस १८७७ च्या दिल्ली दरबारानं वाढवली. तिथं लॉर्ड लिटननं संस्थानिकांना ध्वज वाटले आणि त्यांवरची चिन्हं रॉबर्ट टेलर नावाच्या बंगालच्या मुलकी अधिकाऱ्यानं काढलेली. त्याआधीचा आपला कागद शिक्क्यावर चालायचा, वर मुद्रा, शेवटी मोर्तब. साध्या घराला होतं ते देवक, आणि ते लग्नात पुजायचं असतं, हॉलमध्ये टांगायचं नसतं.

हे मला माझ्या वडिलांनी, आण्णांनीच शिकवलं. आण्णा कोल्हापुरात दिवाणी वकील. वतन, दत्तक, वाटप असलेच दावे, त्यामुळं वंशावळ हे रोजचं हत्यार. घरची पत्रंही ते दाव्याच्या कागदांसारखी ठेवायचे, लाल फितीत बांधून, प्रत्येकावर ‘पोहोचले’ लिहून तारीख आणि सही. आत्यानं गडहिंग्लजहून पाठवलेल्या पोस्टकार्डांवरसुद्धा!

आणि याच माणसानं उतारवयात एका पेंटरला गाठून ढाल काढून घेतली. दोन सिंह, मध्ये पंचपल्लव म्हणजे पाच झाडांची पानं, खाली संस्कृत ओळ. तिच्याखाली फ्रेममध्ये वंशावळ. सात पिढ्या, सगळे पुरुष. आत्या नाही, आई नाही, मी नाही. विचारलं तर म्हणाले, “मुलींची नावं घालायची पद्धत नाही.” दादा आजही तेच म्हणतो आणि ती ढाल त्यानं पोराच्या लग्नपत्रिकेवर छापली.

आता गंमत बघा. माझे आजोबा गेल्यावर वारसनोंदीला आण्णांनी जी वंशावळ प्रतिज्ञापत्रावर दिली, तिची प्रत त्याच गठ्ठ्यात मिळाली. तिच्यात आत्या आहे, वयासकट, सासरच्या नावासकट. असणारच. वाटपाच्या दाव्यात एक मुलगी गाळली की आवश्यक पक्षकार नाही म्हणून दावाच लटकतो, हे आण्णांना कोण सांगणार? म्हणजे तलाठ्याला खरी वंशावळ आणि पाहुण्यांना वेगळी.

त्याहून मोठं घबाड मोडी लिपीतल्या पत्रांत निघालं. पणजोबा गेल्यावर भाऊबंदांनी एक दत्तक पुढं केला होता. तो पणजीनं हाणून पाडला, वकिलाला स्वतः पत्रं लिहवून, अंगठा लावून. साल फसली १३२७, म्हणजे जुन्या महसुली सनाचं, इसवी १९१७-१८. फ्रेममध्ये तिच्या नवऱ्याचं नाव ठसठशीत आहे. तिनं जमीन राखली नसती तर पेंटरला पैसे कुठून दिले असते?

असो. तुमचं काम पत्रांतून होईल. मोडी येत नसेल तर शिका, पुराभिलेख खात्याचे वर्ग असतात. तारखांना घाबरू नका. इसवी सन काढायला दक्षिणी फसलीत ५९० किंवा ५९१ मिळवा, मराठेशाहीच्या कागदांतल्या शुहूर सनात ५९९ किंवा ६००, साल मृगाला बदलतं म्हणून हा एकाचा फरक. ‘खमस सबैन अलफ’ असले अरबी आकडे दिसले तर ते शुहूर सन, म्हणजे इथं १०७५. संस्थानी कागदांसाठी कोल्हापूरचं पुराभिलेखागार आहे. पंढरपूर, त्र्यंबकच्या उपाध्यांच्या वह्या बघा. आणि गावाकडं हेळवी येत असतील, पूर्वी बैलावरून यायचे ते, तर त्यांना आधी गाठा. पिढ्यान्‌पिढ्यांची नावं त्यांच्या तोंडावर असतात. आण्णा म्हणायचे, कोर्टात असा साक्षीदार मिळत नाही.

पत्रं लॅमिनेट मात्र करू नका. फोटो काढा, कोरड्या जागी ठेवा.

एखाद्या सनदेवर शिक्का मिळालाच तर तो देणाऱ्या दरबारचा, तुमच्या घराण्याचा नव्हे. नवीन चिन्ह काढायला माझी ना नाही, हौसेला मोल नसतं, फक्त जुनं म्हणून खपवू नका. आणि वंशावळ पुन्हा लिहाल तेव्हा लेकी-सुना घाला. २००५ पासून कायद्यानं लेक जन्मानंच सहहिस्सेदार आहे, दादा वाचत असेल तर त्यानंही हे लक्षात घ्यावं. प्रतिज्ञापत्राची ती प्रत माझ्या कपाटात आहे.